तळाला न लागलेली रवी

माय, आज धुळ्यात नळाला गढूळ पाणी आलं. तुझ्या सुनेनं पातेल्यात तुरटी फिरवली, झाकण ठेवलं आणि मला बजावलं, आता धक्का लावू नका. तू जाऊन इतकी वर्षं झाली, पण ते वाक्य या घरात तुझंच आहे. दुकानात दुरुस्तीला आलेले दोन पंप उघडे पडलेत, तरी मी इथंच बसून आहे. पाणी निवळताना बघणं मला जमत नाही आणि सोडवतही नाही.

तुझा धाकटा लेक मुंबईच्या गोदीत पडला, जहाज आणि धक्का यांच्या मधल्या फटीत. मी चाळीसगावहून गाडी धरून तिथं पोहोचलो तेव्हा पाणबुड्या नुकताच वर आला होता. खाली स्वतःचा हात दिसत नाही, म्हणाला. शेजारच्या धक्क्यावरून एक जहाज सुटत होतं आणि त्याच्यामागचं पाणी चहासारखं झालं होतं. ते मी पाहिलं, पण काय पाहतोय ते मला कळलं नाही. धाकटा सापडलाच नाही. मी परत आल्यावर तू एकच विचारत राहिलीस, एवढा माणूस पाण्यात दिसत कसा नाही? लोक म्हणत, समुद्राची मर्जी. तुला ते पुरलं नाही आणि मलाही. मी शाळा अर्ध्यात सोडलेला, पण पंप उघडून उघडून शिकलेला माणूस आहे. मोघम उत्तर मला चालत नाही. जळगावला रद्दीत जहाजाच्या इंजिनांवरचं जाड पुस्तक मिळालं, ते डिक्शनरी शेजारी ठेवून वाचलं. कुणी शिकवलं नाही.

मग तो दिवस. तू स्वयंपाकघरात भाकरी थापते आहेस. मी सांगतो, जहाजाला मागं पंखा असतो. तू वर छताच्या पंख्याकडे बघतेस आणि म्हणतेस, "मना पंपना डाक्टर, पाणीमा कोनले उकडस रे?" धाकटा गेल्यानंतर तू केलेली ती पहिली थट्टा. मला हुरूप येतो. मी ताकाची रवी घेतो, तुझ्या निवळलेल्या पाण्याच्या पातेल्यात तळापासून चार बोटं वर धरतो आणि दोन्ही तळव्यांत घुसळतो. रवी तळाला लागत नाही. तरी गाळ उठतो आणि तळ दिसेनासा होतो. पंखा पाणी मागं फेकतो, मी सांगतो, तो झोत पसरत जातो आणि तळाला घासतो. जहाज चालताना कमी, पण धक्क्यावरून सुटताना फार, कारण ते जागचं हललेलं नसतं आणि सगळा जोर पाण्यावर निघतो. रेती लवकर खाली बसते, बारीक गाळ बसत नाही. तो बसेपर्यंत दुसरं जहाज येतं. म्हणून पाणबुड्याला दिसलं नाही. यात एक शब्द चुकीचा नव्हता, माय. मला वाटलं, आता तुझं मनही निवळेल.

तू पातेल्याकडे बघत राहिलीस. प्यायचं पाणी मी नासवलं होतं. मग हळूच म्हणालीस, "मंग ती रवी घडीभर बंद ठेवता नही उनी का कोनले?"

रवी कुणाला थांबवता आली नाही का ते सोडून मी पंख्याच्या पात्यांबद्दल बोलू लागलो. तू पिठाचे हात धुतलेस, तुरटी घेतलीस आणि पुन्हा फिरवायला लागलीस. त्यानंतर धाकट्याबद्दल तू मला कधी काही विचारलं नाहीस.

पुढं मी आणखी वाचलं. झोतानं धक्क्याचा पाया उकरला जाऊ नये म्हणून तळाशी दगड कसे अंथरतात, तेही मला माहीत आहे. पण पाण्यात पडलेल्या माणसासाठी शेजारचं जहाज थांबवता येतं की नाही, हे त्या पुस्तकात नाही. ते गोदीतल्या कुणालाही विचारता आलं असतं. पंपांच्या सामानासाठी मी मुंबईला जातो, गोदीच्या फाटकासमोरून जातो, तिथं चहाही पितो.

पाणी आता निवळलंय, तळ दिसतोय. मी विचारत नाही, माय. विचारलं तर समोरचा सहज म्हणून जाईल, "थांबवता येतं की, फक्त कुणीतरी सांगायला हवं."