मॅडम दोन निघाल्या

प्रिय सुनंदा,

तू गेल्यापासून मी कुणालाच पत्र लिहिलं नाही. आज बसलो ते अर्चनामुळे. तुझी ही विद्यार्थिनी आता तुझ्याच कॉलेजात शिकवते. तुझ्यावर स्मृतिग्रंथ काढायचं तिनं मनावर घेतलंय आणि त्यात एक पान हवंय, ‘मॅडमच्या संशोधनाचा प्रभाव’. धडा कसा आखावा यावर तू आयुष्यभर लिहिलंस, त्याचा दाखला पुढं कुणी कुणी दिला, याची मोजदाद. मेल्यावर तरी तपासणी चुकली का बघ!

परवा ती आपल्या वसमतच्या घरी लॅपटॉप घेऊन आली. चहा निवून गेला तरी तिचं डोकं वर येईना. मग म्हणाली, “सर, मॅडम दोन निघाल्या.”

तिनं पडदा माझ्याकडं फिरवला. एक सुनंदा, माझ्या आडनावाची, तिचे ढीगभर निबंध. दुसरी द्वारका, कुरुंद्याच्या तुझ्या वडिलांच्या आडनावाची. तिचा एकच निबंध, लग्नाच्या आधीचा. शिक्षणावरच्या एका मासिकाचे जुने अंक आता इंटरनेटवर चढवलेत, त्यात सापडला. आणि गंमत म्हणजे त्या एकट्या निबंधाचे दाखले तुझ्या बाकीच्या कुठल्याही निबंधापेक्षा जास्त!

लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं मी ‘सुनंदा’ लिहिलं होतं. नाव माझ्या आत्यानं सुचवलेलं. तू वाचलंस आणि मान हलवलीस. बिचाऱ्या संगणकाला आपली ही रीत काय ठाऊक? त्यानं तुला दोन बायका धरून वेगवेगळं मोजलं.

तो निबंध मी पहिल्यांदाच वाचला. त्यात तुमच्या घरची चूल आहे. आई लेकीला भाकर शिकवते ती शेवटाकडून. मळणं, थापणं, भाजणं सगळं स्वतः करते आणि लेकीला फक्त आरावर, निखाऱ्यांवर धरून फुगवायला देते. पहिल्याच दिवशी फुगलेली भाकर लेकीच्या हाती! मग एकेक आधीचं काम तिच्याकडं. गणितही असंच शिकवावं, लेकराला शेवटची पायरी आधी द्यावी, असं त्या पोरीनं ठणकावून लिहिलंय. किती धीट होतीस गं! ही पोरगी मला कधी भेटलीच नाही.

सेनगावच्या शाळेत मी गणितं अशीच शिकवायचो, तूच सांगितलं होतंस म्हणून. मला वाटायचं, ही पद्धत कुठल्यातरी बाहेरच्या पुस्तकातून आणलीस. काहून सांगितलं नाहीस, की ती तुझीच आहे?

रिटायर झाल्यावर मलाही तू भाकर तशीच शिकवायला घेतलीस. फुगवणं जमलं, भाजणं जमलं, थापण्यापर्यंत आलो आणि तू निघून गेलीस. ही काय शिकवायची पद्धत झाली? आता पीठ मळण्यापासून सगळ्या पायऱ्या माझ्याच. कडा फाटतात. खातो तशीच.

अर्चनानं आणखी एक दाखवलं. तुझ्या पुढच्या जवळजवळ प्रत्येक निबंधात, शेवटच्या संदर्भांत, द्वारकाचं नाव आहे. तुझे कच्चे खर्डे मीच तर वाचायचो, पण संदर्भांची पानं कोण वाचतं? संगणकाला वाटलं, एक बाई दुसरीला मान देतेय. अर्चना जरा अवघडून म्हणाली, “सर, दोघी वेगळ्या ठेवल्या तर प्रभाव मोठा दिसतो. एक केल्या, तर मॅडमनी स्वतःलाच दिलेले दाखले गळून पडतात. आणि एक केल्यावर वर नाव कोणतं ठेवायचं, तेबी तुमीच सांगा. सगळे सुनंदा मॅडम म्हणूनच ओळखतात.”

म्हटलं, विचारून सांगतो. काल एसटीनं कुरुंद्याला गेलो, तुझ्या आईला विचारायला. अंगणात हळद वाळत घातली होती, तिच्या कडेला बाज टाकून बसली होती. नीट दिसत नाही आता, पण पावलांवरून ओळखलं. सगळं ऐकून घेतलं. मोजदाद, संगणक, काही विचारलं नाही. म्हणाली, “जावईबापू, तुमाला जे गोड लागंल ते ठेवा. मी रोज ‘द्वारके’ म्हनून हाक मारते. ती ओ देते.”

येताना एसटीत तिचं बोलणं आठवत होतो. मी रोज सुनंदा म्हणतो, तू कधीच ओ देत नाहीस. संसारात कामाच्या गडबडीत द्यायचीस, “आले, आले” म्हणत. पण आयुष्यभर संदर्भांच्या त्या पानावर, जिथं कुणी बघत नव्हतं, तू मात्र त्या पोरीलाच हाक मारत होतीस. किती आठवण येत असेल तुला तिची! मला आता तुझी येते तशीच.

उद्या अर्चनाला सांगणार आहे. दोघींना एक कर. दाखले गळाले तर गळू देत. वर द्वारका लिही, सुनंदा खाली चालेल. एवढं मी नक्की करीन, हा शब्द.

आणि हाकही मारीन. काल घरी आल्यावर स्वयंपाकघराच्या दारात प्रयत्न केला, तर नवरदेवासारखा लाजलो. या वयात! पण आज भाकर टाकताना कडा फाटल्या नाहीत. आरावर धरली तर टम्म झाली, आणि तोंडातून आपोआप निघालं.

द्वारका, फुगली बघ.

तुझा,
अजून शिकत असलेला
माधव