घंटीकडे वळणारी मान

माय,

आज नागपूरच्या दवाखान्याचं पाकीट आलं. तिकीट कमी लावलेलं, म्हणून पोस्टमनला तीस नवे पैसे द्यावे लागले. आत चिठ्ठी आहे, लेकीचे डोळे तपासायला सोमवारी घेऊन या. मी ती पोथीत ठेवली. यजमान वाचतात सगळं, पण पोथी उघडत नाहीत.

तू गेलीस त्याला बारा वर्षं झाली, तुला कोण सांगणार? तुझी नात सातव्या महिन्यातच झाली, ओंजळीएवढी. दिग्रसहून मोटारीनं नागपूरला नेली. तिथं काचेच्या पेटीत ठेवून नळीनं प्राणवायू देत. चौथ्या दिवशी यजमान चहाला गेले असताना डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "बाई, हा जास्त दिला तर अशा लेकरांचे डोळे जायची भीती असते. कमी केला तर श्वासाची."

"कोणाचे जातील, ते आधी सांगता येत नाही का?"

"नाही ना. जितकं कमी दिवसांचं, जितकं हलकं, तितकी भीती जास्त. एवढंच कळतं."

त्यांनी थोडा कमी करून पाहिला. लेक निळी पडली. मीच ओरडले, "वाढवा, बाई, वाढवा!" त्यांनी वाढवला. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.

माझा धाकटा भाऊही सातव्या महिन्यातलाच. घाटंजीच्या घरी चुलीशेजारी सुपात, सरकी काढलेल्या कापसात तू त्याला ठेवलं होतंस. जगला, आता चांगला धडधाकट आहे. माय, तुला कोणी काही विचारलं नव्हतं. याचा मला हेवा वाटतो, देवापुढे खोटं कशाला बोलू?

मॅट्रिक झाले तेव्हा तू मला तुझ्या देवघरातली पितळी घंटी दिलीस. तिच्यापायीच मी लहानपणी बोलणी खाल्ली होती. आठ वर्षांची मी देवापुढे उभी आहे, घंटी जोरजोरात हलवते आहे, आणि तू मनगट धरतेस. "काहून एवढी बडवून राह्यली? देव बहिरा हाय काय? दिव्याकडे पाह्य."

आता रोज संध्याकाळी तीच घंटी डाव्या हातात, निरांजन उजव्या हातात. देवाला ओवाळून झालं की सासूबाईंच्या मांडीवरच्या लेकीसमोर ज्योत फिरवते. लेक मान वळवते. सासूबाई म्हणतात, "पाह्य, कशी पाहून राह्यली! डोळे माह्यावर गेले पोरीचे." यजमान हसतात, "तुह्यावर कायले? तुले त सुईत दोरा ओवता येत नाही." वाणसामानाच्या वहीच्या कडेला मी रोज बारीक अक्षरात लिहायची, आज वळली. महिनाभर एक दिवस चुकला नाही. म्हटलं, देवानं ऐकलं.

परवा सासूबाईंनी घंटी चिंचेनं घासायला मोरीत नेली. मी लेकीला मांडीवर घेऊन नुसतंच निरांजन ओवाळलं. ती आढ्याकडे बघत राहिली. डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं. जवळ नेलं तेव्हा गालाला धग लागून रडली. इतक्यात मोरीत घंटी खणकली आणि रडणं थांबवून तिनं मान तिकडे वळवली.

महिनाभर जी मान मी दिव्याची म्हणून लिहिली, ती घंटीची होती.

सोमवारी गेले तर डॉक्टरीणबाई यजमानांसमोर बोलतील, आणि मी तेव्हा काय ओरडले ते बाहेर येईल. नाही गेले तर? त्या म्हणाल्याच होत्या, डोळे गेले तर औषध नाही, पण लवकर कळलं तर लेकराला हातानं, आवाजानं शिकवता येतं. दोन्ही दारांना मीच कडी लावून आत बसले आहे.

एक सांगते, रागावू नको. काल सासूबाई तिला घेऊन बसल्या, तेव्हा मी घंटी आधी वाजवली आणि दिवा मागून नेला. मुद्दाम. लेक वळली, सगळे हसले, मीही हसले.

हे पत्रही पोथीतच राहील. तरी, तू माझ्या जागी असतीस तर वाढवा म्हणाली असतीस का, एवढंच उलट टपाली कळव. सोमवारच्या आत.