मागच्या फळीतले स्पीकर

आप्पा, काल मी आपल्या फियाटच्या डिक्कीत पाय दुमडून आडवी झाले होते. या वयात ते जमत नाही, कंबर अजून बोलतेय. आईला जळकोटला, तिच्या माहेरी न्यायचं आहे. तिची धाकटी बहीण दुखण्यातून उठली आहे आणि दोघींना एकमेकींना बघायचं आहे. एसटी आईला सोसत नाही, आणि भाड्याच्या गाडीचं नाव काढलं की म्हणते, आपली असताना दुसऱ्याची कशाला. मग म्हटलं, न्यायचंच आहे तर गाणी ऐकवत नेऊ. तुमच्या या गाडीला उमरग्यातली पोरं हल्ली क्लासिक कार म्हणतात. लग्नात नवरदेव बसवायला मागतात, बॉनेटला टेकून फोटो काढतात. आणि या क्लासिक गाडीत वाजतो काय, तर तुमचा कॅसेटचा डेक, तोसुद्धा फक्त पुढच्या दोन दारांतून. मागं बसणाऱ्याच्या वाट्याला इंजिनाची घरघर. हायवेवरच्या निम्म्या ट्रकांना मी म्युझिक बसवून दिलंय, आणि माझ्या आईला मागच्या सीटवर गाणं ऐकू येत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

नवा डेक बसवायचा तर डॅशबोर्ड कापावा लागतो. मी कापला नाही. तुमच्या डेकचं तोंड, बटणं तशीच ठेवली, आतला कॅसेटचा संसार काढला आणि तिथं ब्लूटूथचं सर्किट बसवलं. आता मोबाइलवरचं गाणं तुमच्याच बटणानं कमीजास्त होतं. ॲम्प्लिफायर डिक्कीत ठेवला. हात घालायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली, अर्थिंगसाठी रंग खरवडून लोखंड चकचकीत केलं, कारण “अर्थिंग ढिली ऱ्हायली की गाणं रडतंय” हे तुमचं वाक्य अजून कानात आहे. काम करताना तुम्ही शेजारी उकिडवे बसून बघताय असं मला नेहमी वाटतं. कालही वाटत होतं, आणि बरं वाटत होतं. मागचे स्पीकर जळालेले आहेत हे घरात सगळ्यांना माहीत, म्हणून मागच्या काचेखालच्या फळीतले ते दोन लांबट स्पीकर टाकून द्यायला काढले. टाकायच्या आधी सवयीनं एकाला पेन्सिल सेल लावून बघितला. टक् झालं. दुसऱ्याला लावला, तोही टक् म्हणाला. दोन्ही जिवंत. मग वायर धरून फळीखाली हात घातला, तर वायरी कापलेल्या. उंदरानं कुरतडलेल्या नाहीत, ओढाताणीत तुटलेल्या नाहीत. कापलेल्या, आणि टोकं एकमेकांना लागू नयेत म्हणून प्रत्येकाला वेगळी काळी पट्टी गुंडाळलेली.

तेव्हापासून डोकं तापलंय. मला तुमचा राग येतोय, आप्पा. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, या बारा वर्षांत मी तुमच्या फोटोला हार घालताना एकदासुद्धा वाकडा शब्द मनात आणला नाही, आणि आता कालपासून फोटोकडं बघवत नाही.

कारण तो दिवस मला आठवतो. आपण जळकोटहून परत येतोय. पुढच्या सीटवर नेहमी मी, कारण चालत्या गाडीतला एकेक आवाज मला ओळखायला लावायची तुम्हाला हौस. आई मागं, पिशव्या, डबे आणि माहेरच्या शेंगांसोबत. फाट्यावर ते ट्रकवाले शेठ हात करतात. त्यांच्या सगळ्या गाड्यांचं वायरिंग आपल्याकडं. बाप्या माणूस आला म्हणून मी उतरून मागं जाते. डेकमध्ये आईची लग्नगाण्यांची कॅसेट आहे. आई आधी नुसती गुणगुणते, मग गाडीत कोण बसलंय ते विसरते आणि खिडकीबाहेर बघत मोकळ्या गळ्यानं गायला लागते. असा आवाज मी घरात कधी ऐकलेला नाही. येणेगूर येतं तरी ती गातेच आहे. शेठ मागं वळून म्हणतात, “मिस्त्री, वैनींचा गळा लई गोड हाय की ओ!” त्यांच्या बोलण्यात काही वावगं नव्हतं, मी लहान होते तरी मला ते कळत होतं. तुम्ही हसलात. मग डेक बंद केलात आणि आरशात बघून म्हणालात, “जरा माणसं बगून तोंड उघडावं.” आईनं पदर सारखा केला आणि उमरगा येईपर्यंत शेंगांच्या पिशवीची गाठ सोडत आणि बांधत बसली. दुसऱ्या दिवशी रात्री जेवताना तुम्ही ताटातून मान वर न करता सांगितलंत, मागचे स्पीकर जळालेत.

पुढची कितीतरी वर्षं आई दोन सीटच्या मधून मान घालून पुढचं गाणं ऐकायचा प्रयत्न करायची. “मागं कायच ऐकू येईना ओ,” म्हणायची. तुम्ही म्हणायचात, “टाकू की नवे, गडबड काय हाय?” ज्या माणसाकडं हैदराबादच्या वाटेवरचे ट्रक वाट वाकडी करून यायचे, त्याला दोन स्पीकर टाकायला सवड झाली नाही. आईनं मग मान घालणं सोडलं. तुम्ही तिला उघड म्हणाला असतात, चारचौघांत गायचं नाही, तर ती भांडली असती, दोन दिवस अबोला धरला असता, कदाचित तुमचं ऐकलंही नसतं. तुम्ही तिला भांडायला जागाच ठेवली नाहीत. वस्तू बिघडली म्हणून सांगितलंत. बिघडलेल्या वस्तूशी कुणी भांडतं का?

आणि हे करणारे तुम्हीच! मी आपल्या वायरिंगच्या दुकानात स्टुलावर बसून वायरी सोलायला लागले तेव्हा समोरच्या हॉटेलातले लोक हसले होते, “मिस्त्री, पोरीला काय डायव्हर करता का?” तुम्ही हातातलं काम न सोडता म्हणालात, “करंटला काय कळतंय, हात बाईचा हाय का बाप्याचा?” हे वाक्य मी आयुष्यभर मिरवलं. दुकानावर मुलाखत घ्यायला पोरं आली तेव्हा त्यांनाही हेच सांगितलं. मी डावरी म्हणूनही तुम्ही मला कधी रागावला नाहीत, नुसती चेष्टा करायचात, “हिची पट्टी सोडायची म्हंजे सगळं उलटं फिरवावं लागतंय.” लाल मुठीचं कटर आणून दिलंत, खास माझ्यासाठी, ज्या दिवशी मी पहिल्यांदा तुमचा हात न लागता पट्टी गुंडाळली. दहा वर्षांची होते. ते कटर अजून दुकानात खिळ्याला आहे, दुसऱ्या कुणी त्याला हात लावलेला मला खपत नाही. पोरीच्या हातावर एवढा विश्वास, आणि बायकोच्या गळ्यावर नाही. लोक माझ्या हाताला हसले तर तुम्ही लोकांना गप्प केलंत. आईच्या गळ्याला एक माणूस चांगलं म्हणाला, तर तुम्ही आईलाच गप्प केलंत.

काल संध्याकाळी स्वयंपाकघरात गेले. आई भाकरी थापत होती. भाकरी थापताना ती अजून गुणगुणते, आणि उंबऱ्यात पाऊल वाजलं की थांबते. लहानपणापासून बघत आले, कालपर्यंत मला ते तिच्या स्वभावाचं वाटत होतं. मी म्हटलं, “आई, मागचे स्पीकर जळाले नव्हते. आप्पांनी वायर कापली होती.” तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. म्हणाली, “जळाल्याचा वास आला न्हवता मला.” मी विचारलं, मग तेव्हा बोलली का नाहीस. “काय बोलू? ते म्हणले जळालं, म्या म्हणलं जळालं. भाकरी खाऊन घे, गार हुईल.” एवढंच. माझ्या अंगाची लाही झाली आणि ती मात्र भाकरी पलटत होती.

आज सकाळी वायरी जोडल्या, तेच जुने स्पीकर परत फळीत बसवले आणि दुकानासमोर आईला मागच्या सीटवर बसवलं. तिची ती लग्नगाणी मोबाइलवर शोधून लावली. आवाज अगदी स्वच्छ आला. आईनं डोळे मिटले. मांडीवर बोटं ताल धरू लागली, ओठ हलले. मी आरशात बघत होते. मग तिनं डोळे उघडले, काचेतून समोरच्या हॉटेलकडं बघितलं आणि ओठ मिटले. म्हणाली, “बारीक कर गं. बाहीर माणसं हायती.” वायर जोडून झाली, आप्पा. तुम्ही कापलं होतं ते वायरीत नव्हतं. माझ्याकडं त्याला जोड नाही, आणि तुम्हीही आता नाही आहात, की हात धरून गाडीपाशी आणावं आणि म्हणावं, करा हे दुरुस्त.

हे पत्र तुमच्या फोटोमागं ठेवीन म्हणून लिहायला घेतलं होतं. ठेवणार नाही. फोटो पुसायला आई रोज काढते, आणि एक गोष्ट मी तिला सांगितलेली नाही. कालची ती काळी पट्टी माझ्या हातानं अगदी सहज सुटली. उलटी गुंडाळलेली होती, डावऱ्या हाताची. मग जळकोटहून आल्याच्या दुसऱ्या दिवसाची ती दुपार सगळी आठवली. तुम्ही म्हणताय, “तुजं अंग बारीक हाय, शिर डिक्कीत. पिवळी अन् काळी, दोनी काप.” मी डिक्कीतून विचारते, “आप्पा, काल तर वाजत होते की?” तुम्ही म्हणता, “मिस्त्री तू का मी?” आणि डिक्कीच्या तोंडातून ते लाल मुठीचं कटर आत सरकवता. “हे घे. तुलाच आणलंय.” आईला मी तुमचं नाव सांगितलं, माझं नाही. काल तर वाजत होते, हे मला माहीत होतं. कटर नवं होतं, म्हणून कापलं.