निल रिपोर्ट

प्रिय समता,

जय भीम. फोनवर मला हे बोलता आलं नसतं, म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतोय. ऑफिसात बसली असशील तर घरी गेल्यावर वाच.

आईला कुशीवर वळवायला दोन सिस्टर लागतात. बदललेल्या खुब्याची वाटी सैल होऊन आजूबाजूचं हाड झिजत गेलंय, स्वयंपाकघरात ती पडली ती त्यामुळेच, असं डॉक्टर म्हणाले. आता जुना सांधा काढून नवा बसवायचा. हाड थोडंच उरलंय, त्यामुळे वॉकरशिवाय चालेल याची खात्री ते देत नाहीत. सरोजिनी नगरच्या बाजारात मला मागे टाकून चालणारी बाई ती. आता पाण्याचा ग्लाससुद्धा मागून घेते.

खुबा बदलला तेव्हा तू बारावीत होतीस. पहिली काही वर्षं आम्ही न चुकता एक्स-रेला गेलो. मग करोनात हॉस्पिटलने घरी फॉर्म पाठवायला सुरुवात केली. दुखत नसलं तरी वर्षातून एकदा एक्स-रे काढा, असं त्यावर ठळक छापलेलं असायचं. तुला माझं ऑफिस माहीत आहे. दर महिन्याला वर माहिती पाठवायची, काही नसेल तर 'निल' लिहायचं. निल गेला की वरून कुणी विचारत नाही. तीस वर्षं हेच केलं. तो फॉर्मही मी तिथेच, चहा पिता पिता भरायचो. दुखतं का? नाही. लंगडतात का? नाही. एक्स-रे? गरज नाही. अशी पाच वर्षं गेली आणि तुझ्या आईला, माझ्या दीपमालाला, मी एकदाही विचारलं नाही.

मागच्या हिवाळ्यात मेट्रोचा जिना चढताना जांघेत कळ येते म्हणाली होती. मी म्हणालो, दिल्लीची थंडी आहे, सगळ्यांचंच दुखतं. पुन्हा तिने विषय काढला नाही. बुद्धपौर्णिमेला विहारात खीर वाढायला ती उठली नाही, खुर्चीत बसून द्रोण पुसत राहिली. ते मला दिसलं होतं समता. वय झालं, असं मी धरून चाललो. आता स्वतःचीच किळस येते.

हॉस्पिटलला नोटीस पाठवायचं तू ठरवलंयस. पाठवू नकोस. त्यांनी दरवर्षी विचारलं, खोटी उत्तरं मी दिली. परवा डॉक्टरांनी आईसमोरच फाइल उघडली. पाचही फॉर्म तिने एकेक करून पाहिले. माझं अक्षर ती ओळखते. ऑपरेशन सोमवारी आहे. काल सिस्टर संमतीचा कागद घेऊन आली, आईने आपली सही केली. खाली नातेवाइकाची सही लागते, म्हणून मी पेन काढलं. आई सिस्टरला म्हणाली, "इनसे नहीं. मेरी बेटी आएगी, वो करेगी." कागद तसाच ठेवलाय. रविवारपर्यंत ये.

तुझाच,
बाबा