काचेच्या बरणीतलं शेवाळ

ब्रह्मा घाट, काशी
१२ मार्च १९९६

प्रिय मैत्रेयी,

नागपूरच्या बँकेत तू कायम झालीस, हे कळलं. तुझ्या आईने गल्लीभर पेढे वाटले. मी मात्र छतावर जाऊन बसलो, तुझी शेवाळाची बाटली जिथे उन्हात असायची तिथेच.

मी संध्या करतो त्या पायरीवरचं शेवाळ तू खरवडून आणलंस, तेव्हा मी नाक मुरडलं होतं. चाळीस वर्षं त्या मेल्या काईवरून घसरत आलोय! मग तू मला समोर बसवून शिकवलंस. हे शेवाळ उन्हाच्या जोरावर हवेतला कार्बन घेतं, त्याला पाण्यातला नायट्रोजन जोडून अमिनो आम्लं करतं आणि ती ठरल्या क्रमाने ओवून प्रथिनं बनवतं. कुणाच्या दारी शिधा मागायला जात नाही. एक आम्ल जागचं हललं तरी प्रथिन बिघडू शकतं, म्हणालीस. जन्मभर वेद घोकलेल्या माणसाला क्रमाचं महत्त्व काय सांगायचं? मी त्या दिवसापासून त्याला काई म्हणणं सोडलं.

तुझ्या प्रयोगशाळेत वीज टिकेना, शेवाळाची बाकीची वाणं मेली, म्हणून उरलेलं एक तू घरी आणलंस. दोन वर्षांपूर्वी तुझ्या मावसभावाच्या, शरदच्या लग्नाला पुण्याला जाताना ते माझ्यावर सोपवलंस. परतलीस तर पाणी पांढुरकं. उन्हात ठेवायला सांगितलं हे माझंच चुकलं, म्हणत रडलीस आणि संशोधन सोडलंस. माझ्या हाताला यशच नाही, असं परवाच्या पत्रातही लिहिलंस.

तुझ्या हाताला दोष नाही, बाळ. ते मी तांब्याच्या गडूत ओतलं होतं. ज्या विद्येपुढे मान तुकवली, ती औषधाच्या बाटलीसारखी काचेत कशी ठेवायची? गंगाजलासारखी सोवळ्यात ठेवली. तांबं शेवाळाला विष, हे मला कुठे ठाऊक! रंग उडालेला दिसला तेव्हा गुपचूप परत बाटलीत ओतलं, आणि तू रडत होतीस तेव्हा गप्प बसलो. तुझ्या मनातून उतरेन, एवढीच भीती होती. काल तुझ्या सरांना जाऊन सगळं सांगितलं. जूनपर्यंत संशोधनातली तुझी जागा राखतो म्हणाले. त्याच पायरीवरचं शेवाळ मी लोणच्याच्या बरणीत छतावर वाढवलंय, काचेच्या. जात तीच की दुसरी, मला कळत नाही. मला क्षमा केली नाहीस तरी चालेल, पण तेवढं येऊन बघ.

तुझाच,
अण्णा