अध्यक्षांना दंडाला धरून बाहेर काढल्याबद्दल

तीर्थरूप मामांना भाचीचा वाकून नमस्कार.

तिकडे दादाच्या गावी तुमचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं त्याने कळवलं, बरं वाटलं. थेंब वेळेवर घालत असाल, डोळा चोळत नसाल आणि टीव्हीसमोर बसून ‘मी फक्त ऐकतोय’ असं वहिनीला सांगत नसाल, असं धरून चालते. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. रोज एकच पान वाचा, पण स्वतः वाचा. नातवाकडून मोठ्याने वाचून घेऊ नका. यातले काही शब्द त्याच्या वयाला शोभणारे नाहीत आणि काही माझ्या वयाला.

तर अध्यक्षांचा तुम्हाला फोन आला. येणारच होता. तुमचे सकाळच्या फिरण्यातले मित्र, तुमच्याच शब्दाखातर त्यांनी आमच्या कामाला ट्रस्टचे पैसे दिले, तेव्हा ‘तुमच्या भाचीने मला दंडाला धरून गाडीत कोंबलं’ हे गाऱ्हाणं ते आणखी कुणाकडे नेणार? यातलं ‘कोंबलं’ खोटं आहे. गाडीचं दार मी उघडलं, ते आपल्या पायांनी आत बसले, मी दार लावलं. (जोरात लावलं.) दंडाला धरलं हे मात्र खरं. ट्रस्टच्या समितीला मी मठ्ठ म्हणाले असंही त्यांनी तुम्हाला सांगितलं म्हणे. मी तो शब्द वापरलेला नाही. मी बिनडोक म्हणाले, आणि शांतपणे म्हणाले.

आता पहिल्यापासून सांगते, कारण तुम्ही अजून त्याला ‘तुझं ते वसतिगृह’ म्हणता. ते वसतिगृह नाही, मामा. घरच्यांचा मार खाणाऱ्या पारलिंगी माणसांना लपायला ती जागा आहे. ती वेगळी कशाला हवी, असं तुम्हीही एकदा विचारलं होतंत, म्हणून आमच्या वायरमनचं ऐका. जन्मला तेव्हा घरच्यांनी मुलगी म्हणून नोंदवलं; त्याला कळायला लागल्यापासून तो मुलगा आहे. बापाने त्याला माळ्यावर कोंडलं, पट्ट्याने झोडपलं आणि ‘ताळ्यावर यावी’ म्हणून एका विधुराशी लग्न ठरवलं. तो खिडकीचे गज काढून पळाला. (वायरमनपाशी पक्कड असते, हे बाप विसरला.) बायकांच्या आधारगृहात गेला, तर तिथल्या बाई म्हणाल्या, तुम्हाला मिशी आहे, आमच्या बायका घाबरतील. पुरुषांच्या निवाऱ्यात गेला, तर तिथल्या साहेबांनी कागद पाहून सांगितलं, तुम्ही बाई आहात, आमचे पुरुष घाबरतील. (पुरुष कशाला घाबरणार होते, ते त्यांनी सांगितलं नाही.) मग तो पोलीस ठाण्यात गेला. तिथे त्याला कुणीच घाबरलं नाही. त्यांनी सरळ बापाला फोन करून बोलावून घेतलं. दुसऱ्यांदा पळाला तेव्हा तो आमच्या दाराशी आला, आणि आधी तासभर समोरच्या फुटपाथवर उभा राहिला, कारण आता आम्ही काय कारण काढू याचा त्याला अंदाज येईना.

हे सगळं मी समितीपुढे सांगितलं. एका गृहस्थांनी विचारलं, अशा लोकांना मुळात घर असतं का? मी म्हटलं, असतं, तिथेच मारतात. त्यांनी मान डोलावली आणि बिस्किट घेतलं. पुढे काय मिळालं ते ऐका. लोखंडी कपाट मिळालं, गार पाण्याचं मशीन मिळालं, भिंतीएवढा टीव्ही मिळाला, आणि प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव तैलरंगात. मागितला होता नर्सबाईंचा पगार. (नर्सबाई म्हणजे आमच्या मुख्य. इस्पितळातून निवृत्त झाल्या आणि घरी बसवेना म्हणून आमच्याकडे आल्या.) पगार हा प्रशासकीय खर्च, तो बसत नाही म्हणाले. पगारावर नाव रंगवता येत नाही, ही खरी अडचण. शिवाय समितीचा लाडका प्रश्न म्हणजे, यश किती? यश म्हणजे समेट होऊन किती जण घरी परत गेले. मी म्हटलं, परत गेले नाहीत हेच आमचं यश. त्यावर अध्यक्ष तुमच्यासारखेच डोळे मिटून हसले आणि म्हणाले, तू अजून लहान आहेस. (मी शेचाळीस वर्षांची आहे, मामा.)

मग पितळी पाटी आली. अध्यक्षांच्या मातोश्रींचं नाव, खाली ‘पारलिंगी निवारा’ आणि त्याखाली गल्लीसकट पूर्ण पत्ता. मी हात जोडून सांगितलं की ही जागा गुप्त आहे, आत राहणाऱ्यांना शोधत माणसं फिरतायत. ते म्हणाले, गुप्तच ठेवू, फक्त आपल्याआपल्यात. आपल्याआपल्यात म्हणजे तीन गाड्या, एक फोटोग्राफर, कात्री आणि फीत. दारातले फोटो दुपारपर्यंत ट्रस्टच्या ग्रुपवर, तिथून कुणाकुणाच्या मेव्हण्यांच्या ग्रुपवर आणि तिथून सगळ्या जगात. एका फोटोत दारामागे आमची टेलर अर्धी दिसत होती.

टेलर कोण ते सांगते. शिवणकामात तिचा हात धरणारं कुणी नाही. ज्याच्याबरोबर ती संसार करायची, तो सगळी कमाई काढून घ्यायचा आणि ‘तुझ्यासारखीला दुसरं कोण ठेवून घेणार’ हे रोज ऐकवायचा. एकदा तिने पैसे द्यायला नकार दिला, तेव्हा त्याने तिचा डावा तळहात गरम इस्त्रीखाली धरला. उजवा धरला नाही, कारण उजव्याने ती कमावते. एवढा विचार त्याने केला होता.

फोटोनंतर काही दिवसांनी अध्यक्ष दुसऱ्या एका ट्रस्टच्या पाहुण्यांना घेऊन आले, न कळवता. मी बँकेत होते. आल्यावर दारात पाहते तर कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस फळांची पिशवी घेऊन उभा, आणि अध्यक्ष त्याचा हात हातात घेऊन पाहुण्यांना सांगतायत की हे आमच्या टेलरचे यजमान, तिला न्यायला स्वतः आलेत, घरच्यांनी असंच पुढे यायला हवं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. समेट चालून दारात आला होता, तोही पाहुण्यांसमोर. त्यांनी टेलरला हाक मारून बाहेर बोलावलं. ती आली, त्याच्याकडे एकदा बघितलं आणि खाली मान घालून आत चपला शोधायला गेली. अध्यक्ष पाहुण्यांना हळूच म्हणाले, बघा, लगेच निघाली.

नर्सबाईंनी बैठकीतली खुर्ची उचलली, आतल्या दारात आडवी लावली आणि तिच्यावर बसल्या.

अध्यक्ष म्हणाले, “बाई, जरा बाजूला व्हा.”

“तुम्ही मला पगार देत नाही,” नर्सबाई म्हणाल्या, “मग हुकूम कसला देता?”

तेवढ्यात वायरमनने मला कानात सांगितलं की टेलर चपला घालून मागच्या दाराशी पोचली आहे, पण तिथली कडी गंजली आहे, ती निघत नाही. ती नवऱ्याबरोबर जायला म्हणून चपला शोधत नव्हती, मामा. पळायला शोधत होती. वायरमन पक्कड घेऊन तिकडे गेला. कडीचा आवाज झाला आणि त्या माणसाला काय चाललंय ते कळलं. त्याचा आवाज बदलला, शर्ट तेवढा तसाच राहिला. तो खुर्चीवरून पलीकडे घुसायला लागला. अध्यक्ष मध्ये पडले आणि ‘अहो, शांतपणे घ्या’ म्हणाले, तर त्याने त्यांना असं ढकललं की ते पाण्याच्या मशीनवर जाऊन आपटले, चष्मा मोडला, भुवईवर खोक पडली. आणि त्या क्षणी, इतक्या बैठका आणि इतक्या बिस्किटांनंतर, तुमच्या मित्रांना घरगुती मारहाण म्हणजे काय ते कळलं.

वायरमनने पोलिसांना आधीच फोन केला होता. तेव्हा त्याला उत्तर मिळालं होतं, नवरा आहे ना, मग आपसात मिटवा. आता अध्यक्षांनी केला. ठाण्यातले साहेब स्वतः आले, आणि माझं चहाचं आधण उकळायच्या आत आले. त्या माणसाला जीपमध्ये बसवलं, टेलर मागच्या दाराने परत आत आली आणि तक्रार लिहिली गेली: मारहाण झाली अध्यक्षांना, नुकसान चष्म्याचं. टेलरचा हात मी पुढे करून दाखवला. साहेबांनी तिला साक्षीदार म्हणून घेतलं.

एवढ्यावरही मी गप्पच होते. पण भुवईवर पट्टी लावून घेताना अध्यक्ष टेलरला म्हणाले, “तूही जरा समजुतीने घेतलं असतंस, तर वेळ इथवर आली नसती.” पट्टी तीच लावत होती, डाव्या हाताची बोटं नीट मिटत नाहीत म्हणून हळू लावत होती. मग मी त्यांना दंडाला धरलं. पुढचं तुम्हाला फोनवर कळलेलंच आहे.

तो माणूस दुसऱ्या दिवशी जामिनावर सुटला. घर जगाला माहीत झालं, म्हणून आम्ही ते सोडलं. ट्रस्टने अनुदान बंद केलं आणि अहवालात लिहिलं की प्रकल्प यशस्वीरीत्या पूर्ण झाला. टीव्ही, कपाट आणि मशीन ते परत घेऊन गेले. पाटी मी स्वतः पोचवून आले. वेड्या रागाने सगळं घालवलं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. पण दंडाला धरल्याबद्दल मी माफी मागणार नाही, तुम्ही सांगितलंत तरी नाही.

प्रकृतीला जपा. वहिनीला आठवण सांगा, थोरल्यांना नमस्कार, धाकट्यांना पाठीवर थाप.

तुमची (हे वाचूनही राहिले असेन तर) भाची

ता. क. एवढं लांबण लावण्याचं खरं कारण असं की दादा परगावी गेल्यापासून तुमचा वरचा मजला रिकामा आहे. जिना वेगळा, दोन खोल्या, मोरी. आम्हाला थोडे महिने मिळाला तर फार बरं होईल. भाडं देऊ शकू असं वाटत नाही. सावकाश विचार करा, घाई नाही.

आणखी ता. क. घाई नाही असं म्हटलं, कारण आम्ही मागच्या आठवड्यातच राहायला आलो. मी मामींना नुसतं विचारायला गेले होते, त्यांनी किल्लीच हातावर ठेवली. म्हणाल्या, त्यांना डोळ्याला ताण नको, बरे होऊन आले की सांगू. मी म्हटलं, मामा चिडतील. त्या म्हणाल्या, चिडू देत, चिडायला त्यांना जिना चढून वर जावं लागेल आणि त्यांचे गुडघे काही तेवढे चांगले नाहीत. नर्सबाई रोज मामींचं बी.पी. बघतात. मामी टेलरला काजं-बटणं करून देतात आणि चुकलं की बोलणी खातात, त्यांना ते आवडायला लागलं आहे.

शेवटचं. अध्यक्षांना यातलं काही कळू देऊ नका, फिरायला जाल तेव्हा हवापाण्यावर बोला. आणि परत याल त्या दिवशी कडी वाजवू नका. वरची माणसं थापेला दचकतात. वायरमन पक्कड घेऊन उठतो आणि टेलर चपला शोधते. बाहेरूनच मोठ्याने सांगा, मी मामा आलोय. स्वतःच्या घराबाहेर उभं राहून आपण कोण ते सांगावं लागेल, त्याचा राग येईल. तो माझ्यावर काढा. दार उघडायला मी सांगून ठेवते.