कांडीची दुसरी बाजू

ता. ५ जानेवारी

चि. बारक्यास,

अनेक आशीर्वाद. पन्नाशीच्या माणसाला बारक्या म्हणणे बरे दिसत नाही, पण पाच वर्षांत तुला काहीच म्हणायची वेळ आली नाही, तेव्हा जुनेच चालवते. पत्ता मावशीच्या लेकीकडून घेतला. इकडे ठीक. तिकडेही ठीक असेल असे धरते.

कामाचे लिहिते. अण्णांना ऑक्टोबरात झटका आला हे तुला तिच्याकडून कळले असेलच. मी कळवले नव्हते. जीव वाचला, उजवी बाजू गेली, बोलणे गेले. चार शब्द उरले आहेत: पाणी, हो, नको आणि सांग. एवढ्यावर त्यांचा संसार चालतो. दिवसभरासाठी एक बाई ठेवली आहे. तोंडाळ आहे, पण अण्णांना कुशीवर वळवताना हात हलका असतो.

अडचण दाढीची आहे. आपला न्हावी महिनाभर आला आणि मग म्हणाला, "ताई, मी दाढी करायला येतो, डोंगर चढायला नाही. चार जिने! माझीच दाढी वाढते वर पोचेपर्यंत." तेव्हा मी म्हटले, मी करीन. डब्यातला तयार फेस आणला, तर अण्णा थुंकले. विजेचे यंत्र आणले, तर डाव्या हाताने ढकलून दिले. त्यांना त्यांची ती दाढीच्या साबणाची कांडीच पाहिजे. तिसऱ्या दुकानात मिळाली. दुकानदार म्हणाला, "हे आता म्हातारेच घेतात." मी म्हटले, "म्हाताऱ्यासाठीच पाहिजे. दोन द्या."

आणि आता हसू नकोस. एकतीस वर्षे मी मुलींना साबण कसा बनतो ते फळ्यावर शिकवले, आणि मला एका माणसाच्या गालावर फेस काढता येत नाही. वाटीत कांडी घासली तर अण्णा म्हणाले, "नको." कोरड्या गालावर घासली तर खवले निघाले. पाणी वाढवले तर सगळे गळ्याखाली ओघळले आणि सदरा बदलावा लागला. ते नुसते छताकडे बघत राहिले. माझ्या वर्गात ढ पोरींचे उत्तर ऐकताना मी बघायची तसे.

तुला त्यांनी शिकवले होते. तुला मिसरूड फुटली तेव्हा खिडकीपाशी तुम्ही दोघे आरसा लावून उभे राहायचात आणि शेवटी ते तुझ्या नाकाच्या शेंड्यावर फेसाचा ठिपका लावायचे. मी स्वयंपाकघरातून बघत होते. कृती मात्र बघितली नाही. मला त्याचा काही उपयोग होईल असे वाटले नव्हते.

तर कृती लिहून पाठव. दोन ओळी पुरेत, बाकी काही लिहिले नाहीस तरी चालेल.

मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन ते पाच मी घरी नसते. जुन्या शाळेत प्रयोगशाळेचे सामान लावून देते आहे. हे सहज लिहिले.

कळावे.

ताई


ता. २१ जानेवारी

चि. बारक्यास,

आशीर्वाद. तुझे उत्तर नाही. टपालाचा दोष असेल असे म्हणते, म्हणजे आपणा दोघांचीही सोय होते.

कृती मीच शोधून काढली. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल तोंडावर दोन मिनिटे, मग कांडी गळ्याकडून वर, केसांच्या उलट दिशेने. खुंटच किसणीसारखे साबण किसून घेतात. म्हणून तर गुळगुळीत गालावर ती चालत नाही. मग ब्रश नुसता ओला करून झटकायचा आणि गोल गोल फिरवायचा. पाणी ब्रशाला, साबण गालाला. इतके सोपे होते, आणि मी वाटी घेऊन बसले होते.

आता माझा हात असा बसला आहे की सांगून खरे वाटणार नाही. मंगळवारी सकाळी मी दाढी करते आणि संध्याकाळी शाळेतून येऊन हात फिरवते तर गाल सकाळपेक्षा मऊ! उजव्या जबड्याखालची ती खाच मला कधी नीट जमत नाही, तिथेही काही लागत नाही. टॉवेलने कातडी मऊ पडते आणि उरलेले खुंट आपोआप गळतात, असा माझा अंदाज आहे. शास्त्रीय कारण शोधते आहे.

एक वाईट गोष्टही लिहायची आहे. आपली बाई साबण चोरते. कांडी फार लवकर झिजू लागली तेव्हा मला संशय आला. मी कांडीवर पेनाने खूण केली. शुक्रवारी निघताना खूण होती, आल्यावर नव्हती. मी तिला समोर उभे करून विचारले. म्हणजे झापलेच. "नवऱ्यासाठी नेतेस ना? मागितली असतीस तर दिली असती."

ती म्हणाली, "मॅडम, माझा नवरा महिन्यातून एकदा दाढी करतो. त्याला कांडी कशाला, खराटा पाहिजे."

मला हसू आले नाही. "मग साबण गेला कुठे? तू खाल्लास?"

"साबण खाऊन मी गोरी होणार असते, तर कधीच खाल्ला असता," म्हणाली, आणि अण्णांची चादर झटकायला लागली. पुढे एक शब्द नाही. तिच्यासारख्या बाईने गप्प बसावे, म्हणजे गुन्हा कबूलच. दुसरी बाई मिळेपर्यंत ठेवते आहे.

पण तेव्हापासून मन ठिकाणावर नाही. उठते, बसते. पाणी तापत ठेवते आणि कशासाठी ठेवले ते विसरते. हे पत्रसुद्धा तिसऱ्या बैठकीत लिहिते आहे. तिचा तो चेहरा मी आधी कुठेतरी पाहिला आहे. न केलेल्या गोष्टीबद्दल बोलणी खाताना माणूस असा खाली बघतो. पण तिने तर केली आहे ना? असो.

अण्णा अलीकडे एकच शब्द धरून बसतात. दाढी चालू असली की डोळे माझ्यावर रोखतात आणि म्हणतात, "सांग." मी पेपरातल्या बातम्या सांगते, शेजारच्यांची भांडणे सांगते. सगळे ऐकतात आणि पुन्हा, "सांग." काल म्हटले, "हलू नका, कापेल." तर हलले नाहीत. फेसातून नुसते डोळे.

डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका कधीही येऊ शकतो, ज्यांना भेटायचे आहे त्यांनी भेटून घ्यावे. मी म्हटले, भेटायचे कोण राहिले आहे?

तुझी बायको कशी आहे? मावशीच्या लेकीने काहीबाही सांगितले. ते पुढच्या वेळी.

तुझी मोठी बहीण


ता. ३१ जानेवारी

बारक्या,

काल शुक्रवार होता. सव्वापाचला घरी आले. अण्णा टेकून बसले होते आणि चक्क खुशीत होते. म्हणजे तोंडाची जी बाजू हसू शकते ती हसत होती. जवळ गेले तर नाकाच्या शेंड्यावर पांढरा ठिपका. वाळलेला. नखाने काढला आणि वास घेतला. साबण.

मी तिथेच खुर्चीत बसले. मग कपाटातून कांडी काढली आणि उजेडात नेली. मी उजव्या हाताने, नेहमी एकाच बाजूने घासते. इतके दिवस कांडी एकीकडून उतरती झिजली होती, छिन्नीसारखी. आता तिला दुसरी उतरणही होती, बरोबर उलट बाजूला. वर छपराच्या आढ्यासारखी कड. ही दुसरी बाजू डाव्या हाताची.

तो डावा हात मी चांगला ओळखते. तू पाटीवर अक्षरे काढायला बसलास की मी तो रुमालाने खुर्चीला बांधायची. सहा महिने बांधला. तू तोंडाने रुमाल सोडायचास आणि विचारले तर "वाऱ्याने सुटला" म्हणायचास. आईने शेवटी तो रुमालच चुलीत घातला. मी डोळ्यांत तेल घालून पोरींचे पेपर तपासले, आणि तीन आठवडे आपल्याच बापाचा गाल मला वाचता आला नाही. खुंट आपोआप गळतात! शास्त्रीय कारण!

बाईला हाक मारली. म्हटले, "कोण येतं इथे?"

तिने हात पुसले. "आत्ता विचारलंत. दादा येतात. मंगळवारी आणि शुक्रवारी, अडीचला. आजोबांची दाढी करतात, तासभर बसतात, साडेचारला जातात."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस? मी तुला चोर म्हटलं."

"तुम्ही तेव्हा विचारलं कुठे, मॅडम? तुम्ही तर सांगितलंत." मग म्हणाली, "दादांना ते कळलं तेव्हा ते म्हणाले, मी ताईला सांगून टाकतो. मीच नको म्हटलं. तुम्ही त्यांना दारातून परत पाठवलं असतं, म्हणजे आजोबांची दाढी बंद. माझं काय, मी चार शब्द खाल्ले. साबणापेक्षा बरे."

मी तिची माफी मागितली. आयुष्यात किती वेळा मागितली ते मोजायला एका हाताची बोटे जास्त होतील. नीट जमली नाही. ती म्हणाली, "राहू द्या, चहा टाकते."

आता ते लिहिते, ज्यासाठी पहिले पत्र लिहिले होते आणि दाढीचे लिहून पाकीट चिकटवले होते.

आई गेली त्या दिवशी तू दुपारी पोचलास. दारात माणसे उभी होती, आईला नेले होते. मी सगळ्यांसमोर तुला म्हटले, "दोन दिवस फोन करतेय, आता सवड झाली? मग आता पाऊलही टाकू नकोस." तू म्हणालास, "ताई, मला फोन आला नाही." मी म्हटले, "खोटं बोलू नकोस."

बारक्या, मी फोन केला नव्हता. एकदाही नाही. सकाळी सगळे संपल्यावर शेजाऱ्यांनी तुला कळवले, तोच पहिला.

का, तेही लिहिते. त्याआधी मी दोनदा तुला धावत बोलावले होते आणि दोन्ही वेळा आई दुसऱ्या दिवशी उठून बसली. ती मलाच रागावली, "उगाच लेकराला पळवतेस, तुला धीर म्हणून नाही." ते मला लागले. तिसऱ्या वेळी ठरवले, या खेपेला बोलवायचे नाही, मी एकटी निभावून नेईन. मला सगळे येते ना! दोन दिवस फोनशेजारी बसून होते. मग ती गेली, आणि तू दारात उभा राहिलास, आणि तुझा चेहरा बघून मला कळले मी काय केले आहे. ते तुझ्या पदरात टाकले. विचार करून नाही, पण नंतर पाच वर्षे विचार करून गप्प बसले.

अण्णांनी थांबवले म्हणून तू तरी थांबलास. चौथ्या दिवशी जाताना तू जिन्यात म्हणालास, "घरी फोन आला असेल तर हिनेच उचलला असणार. सांगायची विसरली असेल." मी वरच्या पायरीवर होते. एक शब्द बोलले असते तर पुरले असते.

पुढचे मावशीच्या लेकीकडून कळले. तुम्ही नवराबायको वर्षभर धड बोलत नव्हतात. ती सहा महिने माहेरी होती. अजूनही घरातला फोन वाजला की ती आधी तुझ्या तोंडाकडे बघते आणि मग उचलते. हे ऐकून मी उठून भांडी घासायला घेतली. घासलेलीच होती. बाईचा तो चेहरा कुठे पाहिला होता असे मी लिहिले होते ना, तो तुझ्या बायकोचा. आई गेली तेव्हा तीही आली होती. तू तिला सगळ्यांदेखत विचारलेस, "फोन आला होता का?" आणि ती खाली बघत राहिली. तिलासुद्धा खऱ्या अर्थाने कोणी विचारले नव्हते. सांगितले होते.

अण्णांना माहीत आहे. ते दोन्ही दिवस त्याच खोलीत होते. एकदाही मला उघडे पाडले नाही. बोलता येत होते तोवर म्हणाले नाहीत, आणि आता आहेत त्या चार शब्दांतला एक माझ्यासाठी राखून ठेवला आहे.

आज सकाळी त्यांची दाढी केली. टॉवेल, कांडी, ब्रश. फेस चांगला आला. ते म्हणाले, "सांग." मी वस्तरा खाली ठेवला आणि म्हटले, "फोन मी केला नव्हता, अण्णा. बारक्याला आजच कळवते." त्यांनी डोळे मिटले. मला वाटले, काही झाले की काय. पण त्यांनी हनुवटी वर केली, नेहमीसारखी, गळ्याकडून सुरुवात करायला. मी आधी पाणी पुन्हा तापवायला गेले. फेस गालावर वाळला. पुन्हा लावावा लागला.

सोबत दुसरे पाकीट आहे, तुझ्या बायकोच्या नावाचे. चिकटवलेले नाही, तू वाचलेस तरी चालेल, पण आधी तिला दे. या पत्रातले तूही तिला तुझ्या तोंडाने सांग. ती जर म्हणाली, "त्या घरात जाऊ नका," तर माझ्या समोर येऊ नकोस. मंगळवार-शुक्रवार दुपारी मी पूर्वीसारखीच बाहेर जाईन, अण्णांची दाढी चुकायला नको. तिचे म्हणणे योग्यच असेल.

आणि तिने तसे म्हटले नाही तर, येत्या शुक्रवारी मी शाळेला कळवले आहे की येणार नाही. अडीचला पाणी तापवून ठेवीन. मी मधे बोलणार नाही, स्वयंपाकघरातून बघेन. तुझी बाजू झाली की उरलेली माझ्यासाठी ठेव. कांडी दोन्हीकडून सारखी झिजलेली बरी.

कळवायचे होते ते कळवले. पाच वर्षे उशिरा.

फोन न केलेली,
तुझी ताई